दुसरीतल्या मुलीसाठी पूरक विषय कसे निवडावेत?

प्रश्न (पालक): शाळेने पुढील वर्षासाठी संगीत, चित्रकला, नाट्य आणि बुद्धिबळ यांपैकी दोन विषय निवडायला सांगितले आहेत. मुलीला चित्रकलेची मनापासून आवड आहे. दुसरा विषय तिचा कल पाहून घ्यावा, की तिला जे सहज जमत नाही ते द्यावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (संगीतशिक्षिका): संगीत अवश्य द्यावे, मात्र वाद्याची घाई करू नये. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या पद्धतीत गायन आधी आणि वाद्य नंतर येते. टाळीवर लय धरणारे, ऐकलेला स्वर गळ्यातून काढू पाहणारे मूल चुकलेला स्वर हळूहळू स्वतःच ओळखू लागते, आणि असा कान तयार झाला की पुढे वाद्य शिकणे सोपे जाते.

उत्तर २ (प्राथमिक शिक्षक): मी नाट्य सुचवेन, विशेषतः मूल बुजरे असेल तर. संवाद घोकून घेणे म्हणजे नाट्यशिक्षण नव्हे. रिकाम्या हातात भरलेली बादली आहे असे मानून चालताना कोणता खांदा झुकतो, हे मुलांनी स्वतः शोधायचे असते. तास कसा घेतला जातो, हे आपण शाळेला आधी विचारावे.

उत्तर ३ (पालक): हे विषय खेळाच्या तासातून तर काढलेले नाहीत ना, तेही पाहावे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटांच्या शारीरिक हालचालीची शिफारस करते.