छोट्या व्हॅनवर घरच्या घरी केलेली कामं: तुमचे अनुभव लिहा

छोटी व्हॅन दारात उभी असली की माणूस गप्प बसत नाही. आत नुसता पत्रा, बाजूला सरकता दरवाजा, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), इंजिन बहुतेक वेळा पुढच्या सीटखाली. सगळं उघडंवाघडं आणि पान्याच्या टप्प्यात. जपानमधल्या 'केई' वर्गातल्या व्हॅनला १९९८ पासून ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी आणि ६६० सीसी इंजिन एवढीच मुभा आहे, तरी लोक त्यात पलंग, कपाट, ओटा असं सगळं बसवतात.

धागा काढायचं कारण: काम कसं करायचं हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण तेच काम खड्डे आणि पाऊस खाऊन नंतर कसं दिसतं हे कोणी दाखवत नाही. तेव्हा कालच संपवलेलं काम नको, निदान एक पावसाळा काढलेलं सांगा. काय केलं आणि त्यामुळे गाडीत दुसरीकडे काय बदललं, हे दोन्ही येऊ द्या. आकडे असतील तर द्याच.

सुरुवात माझ्या सरकत्या दरवाज्यापासून. तो शेवटच्या वीतभर अंतरात अडायचा आणि धाडकन ओढल्याशिवाय लागायचा नाही. 'लॉक बदला' असा सल्ला मिळाला होता, पण लॉकचा काही संबंध नव्हता. दरवाजा अर्धा उघडा ठेवायचा आणि मागची कड दोन्ही हातांनी वर उचलून बघायची. वरखाली खेळ जाणवला की मधला रोलर गेला. दरवाज्याला सहसा तीन ठिकाणी आधार असतो: पुढे वर, पुढे खाली, आणि मागे बॉडीवरच्या पट्टीत धावणारा हा मधला. मागचा सगळा भार त्या एकावर, म्हणून तोच आधी झिजतो, दरवाजा मागून खाली बसतो आणि लॉकचं तोंड समोरच्या खुंटीवर नीट न बसता खाली आपटतं.

रोलर बदलायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो दरवाजा परत मूळ जागी आणण्यात. म्हणून ब्रॅकेटचे बोल्ट सैल करण्याआधी त्याच्या कडेने मार्करने रेघ मारून घ्यावी (सुईने ओरखडा नको, तिथूनच गंज धरतो). दरवाजा धरायला दुसरा माणूस हवाच, तो दिसतो त्याहून बराच जड असतो. पट्टी घासून, पुसून कोरडी ठेवली आहे. ग्रीस लावलेलं नाही. दरवाजा अजून एका हाताने लागतो.

आटे_गेले

ग्रीसबद्दल थोडं वेगळं. पट्टीत नको हे बरोबर, धूळ चिकटून त्याची कानस होते. पण रोलरच्या बेअरिंगमध्ये थेंबभर हवंच, नाहीतर रोलर फिरायचा थांबतो आणि पट्टीवर घासत जातो. मग पट्टीच बदलावी लागते, आणि ते काम रोलरइतकं सोपं नाही.

तांबेरा

माझी व्हॅन जुनी घेतलेली. पुढचं दार उघडलं की आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा. पाऊस थांबून आठवडा झाला तरी यायचा.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या: दारात पाणी जाणारच. काचेच्या कडेच्या रबरातून ते आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, गाडी तशीच बनवलेली असते. माझ्या दारात आधीच्या मालकाने आवाज कमी करायला डांबरी पट्ट्या चिकटवल्या होत्या. उन्हाने त्या मऊ होऊन खाली सरकल्या आणि नेमक्या त्या भोकांवर जाऊन बसल्या. तारेने एक भोक मोकळं केलं तर काळं पाणी थेट चपलेत. बाहेरून रंग ठीक दिसत होता, पण तळाच्या दुमडीत बोटाने दाबलं की पत्रा आत जायचा.

जिथे पत्रा शाबूत होता तिथे तारेच्या ब्रशने घासलं, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि दुमडीत आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण). वॅक्स पोकळीच्या आत काम करतं, त्याच्या जागी बाहेरून रंग कितीही जाड दिला तरी उपयोग नाही. जिथे पत्रा खाल्ला गेला होता तिथे कापून नवा तुकडा वेल्ड करून घेतला, ते काम घरचं नाही.

आवाजासाठी आता ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) पट्ट्या लावल्यात, दाराच्या पत्र्याच्या मधल्या भागात, एकूण क्षेत्राच्या पाव भागाला. एवढ्या पुरतात. पत्र्याची थरथर थांबवणं एवढंच त्यांचं काम, सगळं दार मढवून नुसतं वजन वाढतं. पत्रा स्पिरिटने पुसून घ्यायचा, पट्टी रोलरने दाबायची, आणि तळाच्या चार बोटांत काहीही चिकटवायचं नाही. दर पावसाळ्याआधी भोकांत तार घालून बघते. सरकत्या दरवाज्याच्या खालच्या पट्टीतही अशीच भोकं असतात, ती कोणी बघत नाही.

फ्यूज_उडाला

दुसऱ्या बॅटरीचा अनुभव. मागे दिवे, पंखा, फोनचे चार्जर आणि बारा व्होल्टचा छोटा फ्रिज. वायरिंग गाडीबरोबरच आलेलं. तक्रार अशी की फ्रिज मध्येच बंद पडायचा आणि बॅटरी मात्र अर्धी भरलेली दिसायची.

मोजायची पद्धत आधी. लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत ठेवून मल्टिमीटर लावला आणि १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ ला आली की संपलीच समजा, आणि तिथवर वारंवार नेली तर ती फार दिवस साथ देत नाही.

आता फ्रिज. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, वायर पाच मीटर, म्हणजे प्लस आणि मायनस धरून दहा. वायर होती २.५ चौरस मिलिमीटरची. अशा तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ७ मिलिओहम. त्याच वायरीवर सगळं मिळून दहा ॲम्पिअर चालू असले की ०.७ व्होल्ट वायरीतच संपतात. बॅटरीवर १२.२ असतील तर फ्रिजपाशी ११.५, आणि फ्रिज बॅटरी वाचवायला स्वतःहून बंद. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकल्यावर तोटा ०.३ वर आला. बॅटरी तीच, फ्रिज तोच, आणि तो रात्रभर चालतो.

फ्यूज वायरीसाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. मागे उपकरणाजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडते. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण तिला वीज दोन्हीकडून मिळते, हे बरेच जण विसरतात. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) घालाच, नाहीतर भोकाची धार थरथरत इन्सुलेशन कापत राहते. काम सुरू करताना मायनस आधी काढायचा, जोडताना शेवटी. प्लसवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवाल्यांसाठी: शून्य अंशाखाली चार्ज करू नका. थंड प्रदेशात जाणार असाल तर तेवढ्यासाठी कटऑफ असलेली बॅटरी घ्या.

दिवाबत्ती

वरचं वाचून एक जोडतो. हेडलाइट मंद वाटतो म्हणून एलईडी बल्ब घालण्याआधी इंजिन चालू, दिवे चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. जुन्या गाड्यांत सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या बटनातून फिरून येतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. रिले (छोट्या करंटवर चालणारं, मोठा करंट जोडणारं बटन) आणि जाड वायर टाकून तोच एच-४ बल्ब ठेवला, फरक पहिल्याच रात्री कळला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की प्रकाश कुठेही फेकला जातो, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि बऱ्याच देशांत ते नियमात बसत नाही.

नवखा

माझी व्हॅन सीटखाली इंजिनवाली. लांब गेलं की बूड भाजतं. सीटखाली काय अंथरू?

आटे_गेले

अंथरण्याआधी सीट उचला आणि इंजिनच्या झाकणाचं रबर बघा. झाकणाखाली कागदाची पट्टी धरून ते बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. त्या फटीतून उष्णता येते आणि एक्झॉस्ट कुठे फुटका असेल तर धूरही येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे धरून चाला. गाडीत झोपणार असाल तर त्याचा अलार्म लावाच.

रबर बदलल्यावर झाकणाच्या आतून उष्णतारोधक चटई लावा, चमकती बाजू इंजिनकडे, मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळापासून) लांब. नुसती सीटवर गादी टाकून काही होत नाही.

आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर जातो का तेही बघा. रेडिएटर पुढे, इंजिन मध्ये, त्यामुळे पाइप लांबलचक असतात. कुलंट बदलताना त्यांत हवा अडकली की गरम पाणी नीट फिरत नाही. पुढचा भाग थोडा उंच करून, हीटर गरमवर ठेवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागेवरून हवा काढा. इंजिन गरम असताना टोपण उघडू नका, आत दाबाखालचं पाणी असतं.

पाटा

माझं काम मागच्या सस्पेन्शनचं, आणि धागाकर्त्यांनी विचारलंय तसं 'दुसरीकडे काय बदललं' हेच त्यात महत्त्वाचं.

फळ्या, पलंग, कपाट, पाण्याचे कॅन टाकल्यावर व्हॅन मागून बसली. १२ मिलिमीटरचा प्लाय चौरस मीटरला सात-आठ किलो भरतो, म्हणजे आठ बाय चारचं एक पान बावीस-तेवीस किलोचं. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. 'केई' व्हॅनला मालाची मर्यादाच ३५० किलो असते, त्यामुळे असला संसार त्यातले किती किलो खातो याचा हिशेब करा. सगळे करतात तसा एक पाटा वाढवून घेतला, यू-बोल्ट नवे टाकले. व्हॅन सरळ उभी राहिली. दिसायला झकास.

ब्रेक मात्र बदलले. नाक जास्त दबायचं, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर धरायची (लॉक व्हायची). लायनर, ड्रम, ऑईल सगळं ठीक. उत्तर मागच्या ॲक्सलजवळ मिळालं. बऱ्याच व्हॅनमध्ये तिथे एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. गाडी मागून जितकी दबेल तितका मागच्या ब्रेकला दाब जास्त मिळतो. रिकाम्या गाडीत कमी मिळतो, कारण हलकी मागची चाकं लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. पाटा वाढवल्याने बॉडी उचलली गेली, व्हॉल्व्हने गाडी रिकामी धरली आणि भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचे ब्रेक मिळाले.

इथे मी पाना खाली ठेवला. दांडी ब्रेकवाल्याकडून जुळवून घेतली आणि ब्रेक तपासायच्या मशीनच्या रोलरवर चारही चाकांचा ब्रेक मोजून घेतला. नंतर कपाटाचा प्लाय काढून तिथे ॲल्युमिनियमची चौकट आणि कापड लावलं. आणि हो, पाटा वाढवला म्हणून गाडीची मालाची मर्यादा वाढत नाही. ॲक्सल, टायर, ब्रेक जुनेच असतात.

घोडी_लावा

नावातच सल्ला आहे: घोडी म्हणजे उचललेल्या गाडीला खालून आधार देणारा स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. व्हॅनवाल्यांसाठी खास: हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की तो कामाचा राहत नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे. मागचे ड्रम उघडताना एका वेळी एकच बाजू, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे हे दुसरीकडे बघता येतं. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

तांबेरा

पाटा दादा, माझ्या गाडीत पाटा वाढवलेला नाही, पण ती दांडी आहे. ती बरोबर जागी आहे का हे घरी कळतं का?

पाटा

ताई, माप घरी घेता येतं, पण ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या वजनाच्या स्थितीतच. भलत्याच वजनात घेतलेलं माप जुळत नाही. त्याआधी एक बघा. घोडी लावून खाली जा आणि दांडीचा सांधा हाताने हलतो का ते तपासा. तुमच्या दारात इतका गंज होता, तर तोही एका जागी धरून बसलेला असू शकतो. मग गाडी भरा की रिकामी करा, व्हॉल्व्हला पत्ताच लागत नाही.