दा लातला एसी नाही, खिडकी बघा

व्हिएतनाममधल्या दा लातला डिसेंबरमध्ये आईबाबांसोबत जायचंय, एसी नसलेली खोली स्वस्त मिळतेय, घ्यावी का, असं एकाने विचारलंय. बिनधास्त घ्या. दा लात दीड हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत एसी नसतोच आणि डिसेंबरच्या रात्री त्याची आठवणही येत नाही. त्याऐवजी गरम पाणी आणि जाड पांघरूण आहे का ते विचारा.

खरी मेख खिडकीत आहे. स्वस्तातल्या खोल्यांना कधी खिडकीच नसते, कधी असते ती जिन्याकडे उघडते. आम्ही फोटोतला पडदा बघून खोली घेतली. तिथे पोचल्यावर पडदा सरकवला, तर मागे नुसती भिंत! दोन दिवस मोजे वाळले नाहीत. बुकिंग करताना 'बाहेर उघडणारी खिडकी' असं स्पष्ट लिहून विचारा.

रात्रबाजाराजवळ राहिलात तर खाण्यापिण्याची चंगळ, पण आवाज उशिरापर्यंत. दोन-तीन गल्ल्या सोडून राहा. मात्र नकाशावरचं 'पाच मिनिटं' फसवं असतं, सगळं गाव चढउतारांचं. लिफ्ट आहे का तेही विचारून घ्या, विशेषतः आईबाबा सोबत आहेत म्हणून.

हो ची मिन्ह शहरातून स्लीपर बस सहा-सात तास घेते. रात्रीची बस पहाटेच पोचवते आणि चेक-इन दुपारी, तेव्हा बॅगा आधी ठेवू देतील का हे हॉटेलला विचारून ठेवा.

आणि शाकाहारी असाल तर 'चाय' (chay) लिहिलेली पाटी शोधा. तिकडे चाय म्हणजे शाकाहारी जेवण, चहा नव्हे!