आपला मळा ग्रुप: औषधं ठेवायची कुठे?

आप्पा: खालच्या वस्तीवर रात्री शेडचा कोयंडा तोडला. मोटर, केबल तशीच. फक्त औषधं नेली, तीपण निवडून. द्राक्षावरच्या डाऊनी बुरशीची, थ्रिप्स किडीची, भारी भारी. गंधकाच्या गोण्यांना हात नाही लावला.

बाळूकाका: माहितगाराचं काम आहे. फळासाठीच्या गोड्या छाटणीनंतर कोणाच्या शेडात काय असतं ते सगळ्या निफाड तालुक्याला माहीत.

सुनील: आप्पा, आपला माल आजच घरी आणू. आतल्या खोलीत पलंगाखाली मावेल.

मोठी वहिनी: त्या पलंगावर चिनू झोपतो. घरात एक बाटली येणार नाही, आधीच सांगते.

दीपाताई: वहिनी बरोबर बोलतेय. शेडातच ठेवा, पण धान्य, पेंड, पशुखाद्य यांच्याजवळ नको. लोखंडी कपाट घ्या, वर झरोका असू द्या, पातळ औषधं खालच्या कप्प्यात, पावडरी वर. बाटली फुटली तर पावडरीवर सांडायला नको.

सुनील: ताई, कपाट उचलूनपण नेतील 😄

दीपाताई: भिंतीत बोल्ट मार. आणि किल्ली चौकटीवर ठेवायची नाही. तुमची किल्ली चौकटीवर असते हे मुंबईत बसून मला माहीत आहे.

आप्पा: गड्याला लागते म्हणून ठेवतो.

दीपाताई: गड्याला त्या दिवशीचं मोजून काढून द्या. छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला लावतो ती सायनामाइडची पेस्ट उरलीय का?

आप्पा: आहे अर्धा कॅन. पुढच्या वर्षी होईल.

दीपाताई: तो कॅन आधी कुलपात टाका. काडीला पेस्ट लावून आलेला माणूस संध्याकाळी दारू प्यायला, तर चेहरा लाल होतो, धाप लागते, रक्तदाब पडतो. पुढचे एक-दोन दिवसही धोका असतो. गड्यांना कोणी हे सांगत नाही, आणि कॅन उघड्या शेडात पडलेला.

बाळूकाका: आमच्याकडे सांगतात. ऐकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

नानाकाका (नाशिक): चोरीचं बोला. खालच्या वस्तीवाल्यांनी फिर्याद दिली का?

आप्पा: गेले होते. पोलिसांनी बिलं मागितली. निम्म्या मालाची पक्की बिलं नाहीत, उधारीच्या वहीवरचा माल.

नानाकाका: मग माल सापडला तरी आपला म्हणून ओळखायचा कसा? बिलावर बॅच नंबर असतो. दुकानातून निघताना बिलाचा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो इथे टाकत जा. ग्रुपवर रोज सुप्रभात येतं, त्यापेक्षा हे बरं.

मावशी: 🙏 सुप्रभात मी टाकते.

बाळूकाका: चोरीपेक्षा मला रिकाम्या बाटल्यांची काळजी जास्त आहे. भंगारवाला झाकणासकट, लेबल शाबूत असलेली बाटली मागतो. भारी औषधाच्या बाटलीला वेगळा भाव! प्लॅस्टिक तर सगळं सारखंच ना? मग वेगळा भाव का देतो?

सुनील: भरून परत विकायला?

बाळूकाका: दुसरं काय. आपलीच बाटली, आत पाणी नाहीतर भलतंच काही, आणि पुढच्या हंगामात डाऊनी आटोक्यात येत नाही म्हणून आपणच बोंबलायचं. कुलपातल्या मालाची आपण राखण करतो आणि रिकाम्या बाटल्या बांधावर टाकून देतो. बाटली तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, मग बुडाला भोक पाडा, लेबल फाडा. विहिरीवर धुवायची नाही.

मोठी वहिनी: आणि औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये जनावरांचं पाणीपण भरायचं नाही. सांगून सांगून थकले.

दीपाताई: बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, तेल औषधाच्या डब्यात ठेवलेलं. कोणाला मारायचं नव्हतं. डबा चांगला, घट्ट झाकणाचा, टाकवला नाही, एवढंच.

आप्पा: बाप रे.

दीपाताई: उलटंही तेवढंच वाईट. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवणं बंद करा. मूळ बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बाटली बदलली की ती खूणही गेली. कोणाच्या पोटात गेलंच तर १०८ ला फोन करा, आणि बाटली दवाखान्यात सोबत न्या. काय घेतलंय ते कळल्यावर उपचार ठरतो. मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही.

सुनील: युरियाच्या गोण्या पण आत घ्यायच्या का? त्या पत्र्याखाली उघड्यावर आहेत.

नानाकाका: घ्या. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती अनुदानामुळे. कारखान्यांना हाच युरिया महाग पडतो, प्लायवूडच्या गोंदाला लागतो. २०१५ पासून सगळा नीमकोटेड केला, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिला, त्यामागे अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे पळवणं थांबवायचंही कारण होतं. तरी पूर्ण थांबलं नाही.

आप्पा: सुनील, पिंपळगावला जाशील तेव्हा जुनं ऑफिसचं कपाट बघून ये. आणि दोन किल्ल्यांचं कुलूप.

मोठी वहिनी: दुसरी किल्ली माझ्याकडे. चौकटीवर नाही.

सुनील: आप्पांना तंबाखूची डबी सापडत नाही, किल्ली कसली सापडते 😂

बाळूकाका: कपाट घेताना दोन बघ रे. एक माझ्यासाठी. बिल पक्कं घे.