थंडीतल्या रात्री मैत्रिणीसाठी घरगुती सूप: सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार. येत्या शनिवारी माझी शाळेपासूनची मैत्रीण निफाड तालुक्यातून नाशिकला माझ्याकडे एका रात्रीच्या मुक्कामाला येत आहे. तिची द्राक्षबाग आहे. पारा उतरल्यापासून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाची नोंद वाचूनच तिचा दिवस सुरू होतो, कारण कडाक्याच्या थंडीत मणी तडकतात. त्यासाठी ती आणि तिचे यजमान गेले कित्येक दिवस पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवत आहेत. एक संध्याकाळ तरी तिने कशालाही हात न लावता, गरम सुपाचा वाडगा हातात धरून निवांत बसावे, एवढीच माझी इच्छा आहे.

ती शाकाहारी आहे आणि तिला कांदा-लसूण चालतो, मात्र आम्लपित्तामुळे तिखट फारसे सोसत नाही. माझ्याकडे दोन शेगड्यांचा गॅस, कुकर आणि मिक्सर आहे, ओव्हन नाही. पाकिटातले सूप मला करायचे नाही. मागच्या हिवाळ्यात टोमॅटोचे सूप केले होते, पण शेवटी साय घातल्याबरोबर ते फुटले आणि वर पांढरे कण तरंगू लागले. कोणते सूप करावे, सोबत काय असावे आणि ती आल्यावर मला ओट्यापाशी उभे राहावे लागू नये म्हणून आधी काय करून ठेवता येईल, हे कृपया सांगावे.

पिंपळपार

आधी फुटण्याविषयी लिहितो. टोमॅटो आंबट असतो, आणि आंबट, उकळत्या द्रवात दूध किंवा पातळ साय पडली की त्यातील प्रथिने एकत्र येऊन गुठळ्या होतात, म्हणजे पनीर करताना जे आपण मुद्दाम करतो तेच येथे नकळत घडते. यावर उपाय असा की गॅस बंद करून सूप दोन-तीन मिनिटे निवू द्यावे, वाटीत घट्ट क्रीम घेऊन त्यात डावभर सूप थोडे थोडे मिसळावे आणि मग ते मिश्रण पातेल्यात ओतावे. त्यानंतर उकळी येऊ देऊ नये. क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर असल्याने ते दुधाइतके सहज फुटत नाही.

दोघींसाठी अर्धा किलो पिकलेले, बोटाने दाबल्यावर किंचित मऊ लागणारे टोमॅटो, एक गाजर, एक लहान कांदा आणि चार लसूण पाकळ्या पुरतात. गाजरामुळे आंबटपणा कमी जाणवतो आणि साखर घालावी लागत नाही. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअरऐवजी मूठभर मसूर डाळ बरोबरच शिजवावी, कारण कॉर्नफ्लोअर घातलेले सूप आंबट असले आणि बराच वेळ उकळत राहिले तर पुन्हा पातळ होते.

माळवं

पिंपळपार यांचे स्पष्टीकरण अगदी योग्य आहे, परंतु ज्या पाहुणीला आम्लपित्ताचा त्रास आहे तिला रात्रीच्या जेवणात टोमॅटोचे सूप देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गोदाकाठ, तुम्ही लाल भोपळ्याचे सूप करा. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावरून गडद केशरी गराची, जड लागणारी फोड घ्या. शनिवारपर्यंत ती फ्रीजमध्ये चांगली राहते, मात्र बिया आणि मधला तंतुमय भाग घरी आल्यावर लगेच काढून टाका.

ओव्हन नाही याची खंत नको. अर्धा किलो भोपळ्याचे जाड तुकडे करून जाड बुडाच्या कढईत चमचाभर तुपावर एकाच थरात मांडावेत आणि मध्यम आचेवर न हलवता ठेवावेत. खालची बाजू तपकिरी झाली की उलटावेत, नंतर झाकण ठेवून मऊ होऊ द्यावेत. ते तपकिरी डाग म्हणजेच या सुपाची चव आहे, कुकरमध्ये नुसता उकडलेला भोपळा पाणचट आणि गोडसर लागतो. त्याच कढईत एक कांदा मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे परतावा. घाईने आच वाढवली तर कडा करपतात आणि कडवटपणा सगळ्या सुपात उतरतो.

साध्या पाण्याऐवजी भाज्यांचा स्टॉक मात्र अवश्य करा. गाजराची टोके, कोथिंबिरीच्या काड्या, अर्धा कांदा, आल्याचा तुकडा आणि चार मिरे दीड लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळावेत, आणि सध्या मटार मुबलक आहे तर त्याच्या धुतलेल्या, कोवळ्या शेंगांची सालेही शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी त्यात टाकावीत, कारण त्यांनी पाण्याला फार सुरेख, हिरवी गोडी येते. कोबी आणि फ्लॉवर घालू नयेत, बराच वेळ उकळल्यावर त्यांना उग्र वास सुटतो. मेथीच्या काड्यांनी स्टॉक कडू होतो. हे सर्व शुक्रवारी रात्री करून गाळून ठेवले तर शनिवारी फक्त एकत्र वाटून गरम करणे उरते.

आजोळ

ताई, आमच्याकडे थंडीत हुलग्याचे माडगे होत असे, परंतु हुलगा उष्ण मानला जात असल्याने तुमच्या मैत्रिणीसाठी मी तो सुचवणार नाही. मुगाचे कढण मात्र मनापासून सुचवते. अर्धी वाटी मूग चार वाट्या पाण्यात मऊ शिजवून रवीने घुसळावेत, गाळावेत आणि वरून तूप, जिरे व हिंगाची फोडणी देऊन सैंधव घालावे. पहाटेपर्यंत जागून थकलेल्या माणसाला ते फार मानवते, आणि जेवणापूर्वी गप्पा मारताना पेल्यातून देता येते.

चुलीपाशी

पाककृती उत्तम आल्या आहेत, मी फक्त एक सावधगिरी सांगते. गरम सूप मिक्सरच्या बंद भांड्यात कधीही फिरवू नका. तीन वर्षांपूर्वी पालकाचे वाफाळते सूप मी भांडे काठोकाठ भरून फिरवले, वाफेच्या दाबाने झाकण उडाले आणि माझे मनगट भाजले. तो डाग आजही आहे. मिश्रण कोमट होऊ द्यावे, भांडे निम्म्याहून कमी भरावे, झाकणाची मधली टोपी काढून तेथे घडी केलेला कपडा धरावा आणि थांबत थांबत फिरवावे.

मीठ अगदी शेवटी घालावे, कारण सूप आटते तसे ते खारट होत जाते. वाढण्यासाठी स्टीलच्या वाट्या नकोत. त्या हाताला चटका देतात आणि आपल्याकडच्या थंडीत सूप लवकर गारही करतात. चिनी मातीचे जाड वाडगे आधी गरम पाण्याने भरून ठेवावेत व वाढताना रिकामे करावेत. शिवाय केवळ सुपाने तासाभरात पुन्हा भूक लागते, तेव्हा ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तुपावर कुरकुरीत करून सोबत ठेवा आणि मागाहून मऊ मूगडाळीची खिचडी असू द्या.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भोपळ्याचेच सूप केले. स्टॉक आणि कांदा शुक्रवारी रात्री तयार होता, भोपळा शनिवारी दुपारी भाजला, त्यामुळे ती आली तेव्हा गॅसवर फक्त पातेले मंद आचेवर होते. सूप पहिल्या चवीला जरा जास्तच गोड लागले. चिमूटभर मिरपूड आणि चार थेंब लिंबू पिळल्यावर ते जागेवर आले, आणि एवढ्याशा लिंबाने तिला काही त्रास झाला नाही. भाकरीचे तुकडे तिने वाडग्यात न टाकता एकेक बुडवून खाल्ले आणि दुसऱ्यांदा सूप स्वतः मागून घेतले. कितीतरी दिवसांनी ती दहा वाजता झोपली. रविवारी पहाटे घरी निघताना उरलेले सूप मी थर्मासमध्ये भरून दिले. बागेतील शेकोटीपाशी बसून तिने आणि तिच्या यजमानांनी ते प्यायल्याचा फोन नुकताच आला.

आता पातेलेभर स्टॉक उरला आहे. तो किती दिवस ठेवता येईल?

माळवं

वाचून फार आनंद झाला. फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस ठेवा. त्याहून अधिक ठेवायचा असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा आणि लागतील तसे तुकडे वरणात किंवा खिचडीत टाका. मैत्रीण पुन्हा येणार असेल तर पुढच्या बुधवारी बाजारात लसणाची कोवळी पात पाहा, याच सुपावर ती बारीक चिरून भुरभुरावी.