450 सीसीची ॲडव्हेंचर गाडी घ्यावी का? रोज हिंजवडी, सुट्टीत ताम्हिणी-कोकण

चिंचवडचा_चाकरमानी

मंडळी नमस्कार. 150 सीसीची कम्यूटर विकून ॲडव्हेंचर प्रकारातली गाडी घ्यायचं डोक्यात आहे. वापर असा:

रोज चिंचवड ते हिंजवडी फेज 3, जाऊन-येऊन तीसेक किमी, त्यात निम्मा वेळ पहिला-दुसरा गिअर. महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे श्रीवर्धन, कधी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला. यातल्या निम्म्या वेळा बायको डबलसीट. वर्षातून एक मोठी राइड, आठ-दहा दिवसांची. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणार नाही. ऑफरोड म्हणाल तर किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतचा शेवटचा कच्चा तुकडा, तेवढाच.

उंची 5 फूट 6 इंच, वजन 68 किलो. यादीत हिमालयन 450, केटीएम 390 ॲडव्हेंचर (21 इंची चाकवाली की एक्स?), सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि एक्सपल्स 210. ‘सगळ्याच भारी आहेत’ हे उत्तर शोरूममध्ये मिळालंय, ते सोडून बोला.

---

जांभा_सडा

उंची सांगितलीत, इनसीम नाही सांगितलंत. निकाल तिथे लागतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक जांघेत घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. एकाच उंचीच्या दोन माणसांत इथे चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज निघतो.

आता सीट. हिमालयन 450 ची 825 मिमी (वरच्या खाचेत 845, लो सीट घेतली तर 805), 390 ॲडव्हेंचर 830, एक्स 825, व्ही-स्ट्रॉम एसएक्स 835, एक्सपल्स 210 ची 830. कागदावर सगळ्या सारख्याच. पण हे आकडे तुम्ही बसण्याआधीचे. 200 मिमी ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन एवढं वर-खाली होणारी) गाडी माणूस बसल्यावर 50-60 मिमी दबते. उलट सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि त्यातले वीस-तीस मिमी परत जातात. म्हणून बसून बघण्याला पर्याय नाही, आणि तेही राइडिंगचे बूट घालून. चपलेवर टेस्ट राइड घेऊ नका.

दोन्ही तळवे टेकायलाच हवेत असं नाही. एक पाय पूर्ण टेकला, दुसरा पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर), तरी चालतं. गडबड होते ती घाटातल्या साइडपट्टीवर. डांबर संपतं तिथे जमीन अचानक चार इंच खाली असते. समोरून एसटी आली, तुम्ही डावीकडे घेऊन थांबलात, पाय खाली सोडला आणि खाली काहीच नाही. गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की 196 किलो कुणाच्या बापाला थांबत नाहीत. अशा गाड्या पडतात त्या बहुतेक शून्याच्या वेगाने.

म्हणून माझ्या लेखी पहिला आकडा वजनाचा, पॉवरचा नंतर. हिमालयन 450 चं कर्ब वजन (पेट्रोल-ऑइलसकट) 196 किलो, 390 च्या दोन्ही साधारण 182-183, एक्सपल्स 210 ची 168 च्या आसपास, एसएक्स 167. शिवाय हिमालयनच्या 17 लिटर टाकीत नुसतं पेट्रोलच साडेबारा किलो, तेही सगळं वर. भरलेल्या आणि अर्ध्या टाकीची तीच गाडी कच्च्यावर वेगळी वाटते.

शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर यातलं काही कळत नाही. डेमो गाडी घेऊन हे करा:

1. इंजिन बंद, गाडीवर बसून पाच फूट मागे ढकला, थोड्या चढावर. तुमच्या पार्किंगला रॅम्प असेल तर तिथलाच चढ डोळ्यांसमोर ठेवा.
2. दुपदरी रस्त्याच्या रुंदीत पाय न टेकता यू-टर्न, दोन्ही बाजूंना.
3. चढावर पूर्ण थांबून, उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून, फक्त डाव्या पायाच्या आधाराने निघणं.
4. दुसऱ्या गिअरमध्ये 20 ने जाताना ॲक्सिलरेटर सोडा, परत द्या. मोठा सिंगल सिलिंडर इथे हिसके देतो. रोजच्या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला हाच प्रसंग शंभरदा येणार.
5. दहा मिनिटं सिग्नलसारखी उभी ठेवा. रेडिएटरचा पंखा सुरू झाल्यावर गरम हवा कुठल्या पायावर येते ते बघा, साध्या पँटवर.

---

टॉर्क_रेंच

वरच्या वजनाच्या मुद्द्याला अनुमोदन. थोडं इंजिनाबद्दल.

हिमालयन 452 सीसी, पॉवर 40 पीएस (घोडे म्हणा), टॉर्क म्हणजे ओढ 40 एनएम. 390 ची 399 सीसी, 46 पीएस, 39 एनएम. एसएक्स 249 सीसी, 26.5 पीएस, 22.2 एनएम. एक्सपल्स 210 ला 24.6 पीएस. प्रश्न असा की चाळीस घोडे पळवणार कुठे? एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरतो जुना हायवे आणि पुणे-कोल्हापूर-बेळगाव. चौपदरीवरही दुचाकीची मर्यादा 80. एकट्याने 80-90 ला अडीचशे सीसी आरामात जाते.

फरक पडतो तो डबलसीट अधिक सामान अधिक चढ, असं एकत्र आलं की. खंबाटकीत पुढे कंटेनर, मागे बायको, दोन बॅगा. अडीचशेवर दोन गिअर खाली उतरून, आरपीएम वर चढवून, जागा हेरून ओव्हरटेक करावा लागतो. 450 वर एक गिअर, कधी तोही नाही. पॉवरपेक्षा टॉर्क इथे कामाला येतो. तुमच्याकडे हा प्रसंग महिन्यातून एखाद्-दोनदा आणि मोठ्या राइडला रोज.

आणि कराचं गणित विसरू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, वरच्यांवर 40. म्हणजे अडीचशे आणि साडेचारशे यांच्यातली दरी आधीपेक्षा रुंद आहे. त्या फरकात हेल्मेट, जॅकेट, बूट, गुडघ्याचे गार्ड सगळं येऊन वर पैसे उरतात.

---

सह्यकडा_ताई

डबलसीटवाल्या माणसाला कुणी विचारतच नाही! गाडी बघायला जाताना वहिनींना घेऊन जा. मागची सीट पुढच्याहून वर असते, त्यामुळे चढताना डाव्या पेगवर उभं राहून पाय पलीकडे टाकावा लागतो. त्या क्षणी सगळं वजन डावीकडे, आणि तुमचा डावा पाय चवड्यावर. जोडीने दोन-तीनदा चढ-उतार करून बघा, टॉप बॉक्स किंवा मागची बॅग बांधलेली आहे असं समजून. बॅग असली की पाय मागून फिरवता येत नाही, गुडघा पोटाशी घेऊन मधून काढावा लागतो.

दुसरं, मागचा प्रीलोड, म्हणजे मागच्या शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण. कारखान्यातून येतो तो एकट्या माणसासाठी. डबलसीट तसंच गेलात तर मागचं बूड बसतं, पुढचं चाक हलकं होतं, घाटात गाडी वळणाबाहेर ओढते आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. मोजायची रीत सोपी आहे. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टी लावा, अंतर लिहा. मग दोघं सामानासकट बसा, तिसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. फरक एकूण ट्रॅव्हलच्या पाव ते एक तृतीयांश हवा. 200 मिमीच्या गाडीला 50 ते 65. जास्त दबत असेल तर हूक पान्याने कॉलर एकेक खाच घट्ट करत न्या. घरी आल्यावर परत सैल करायला विसरू नका, नाहीतर सोमवारी हिंजवडीचा प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेत.

---

चिंचवडचा_चाकरमानी

इनसीम मोजलं: 75 सेंमी. पार्किंगला रॅम्प आहे आणि तो चांगलाच उभा आहे, गाडी रोज मागे ढकलत काढावी लागते. एका मित्राचं म्हणणं, लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली बसवणारा जोड) टाक, इंचभर खाली येईल. टाकावी का? आणि 19 इंची चाक की 21?

---

जांभा_सडा

लिंक नको. मागून पंचवीस मिमी खाली आणली की स्टिअरिंगचा कोन बदलतो, म्हणून पुढचे फोर्कही क्लॅम्पमधून तेवढ्याच प्रमाणात वर सरकवावे लागतात. हे बरेच जण करत नाहीत आणि मग ‘गाडी वळत नाही’ म्हणतात. ग्राउंड क्लिअरन्स गेला तो गेलाच. आणि साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते, उतारावर वाऱ्याने नाहीतर सामानाने उजवीकडे पडते. त्यासाठी स्टँड कापून परत वेल्डिंग. इतका खटाटोप करण्यापेक्षा लो सीट घ्या किंवा सीटचा फोम पुढच्या दोन बाजूंनी तासून घ्या. वरून नाही, बाजूंनी. मांड्या जवळ आल्या की पाय आपोआप खाली पोचतो.

75 इनसीम, उभा रॅम्प आणि रोजची मागे ढकलाढकल, म्हणजे 196 किलो तुम्हाला रोज सकाळी भेटणार. मी असतो तर हिमालयन तिथेच खोडली असती.

चाक: 21 इंची खड्ड्याच्या कडेवर कमी कोनात आदळतं, गोट्यांवरून सरळ जातं. पण टायर 90 चा, अरुंद. डांबरावरच्या ब्रेकिंगला आणि घाटात पटकन कलायला 19 इंची बरं. तुमचा कच्चा भाग म्हणजे मुरूम, खडी आणि पावसाळ्यातला लाल चिखल. चिखलात चाकाच्या मापापेक्षा टायरची नक्षी महत्त्वाची. नक्षी भरून गुळगुळीत झाली की 21 असो नाहीतर 19, दोन्ही सारखीच घसरतात.

---

पंक्चर_किट

चाकाच्या वादात मूळ प्रश्न राहतोय: ट्यूब की ट्यूबलेस. एसएक्स आणि 390 एक्सला अलॉय, ट्यूबलेस. एक्सपल्सला स्पोक आणि ट्यूब. हिमालयनला ट्यूबलेस स्पोक मिळतात, पण कुठल्या व्हेरियंटला ते बुक करताना लिहून घ्या.

ट्यूबलेसमध्ये खिळा गेला तर: खिळा काढा, रीमरने भोक साफ करा, स्ट्रिपला सोल्युशन लावून दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकी आत ढकला, सुई झटक्यात ओढा, हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे बघा. दहा मिनिटं, चाक काढायची गरज नाही. ट्यूब असेल तर मेन स्टँड किंवा दगडाचा टेकू, ॲक्सलचा मोठा पाना, दोन टायर लिव्हर, बीड (टायरची कडक कड) रिममधून सोडवायची मेहनत, आणि नवी ट्यूब बसवताना लिव्हरने तीच चावली तर पुन्हा पहिल्यापासून. गावातला पंक्चरवाला काढून देतो, पण 21 इंची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. ट्यूबवाली घेतलीत तर एक 21 ची ट्यूब कायम बरोबर ठेवा, अडीअडचणीला तीच मागच्या चाकातही तात्पुरती चालते. आणि कच्च्यावर हवा फार कमी करू नका, दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि दोन समांतर चिरा पडतात.

कोकणात पावसाळी गाडी वापरणार म्हणून अजून थोडं. लाल चिखल रेडिएटरच्या जाळीत वाळला की विटेसारखा होतो, मग ट्रॅफिकमध्ये पंखा सतत चालू. साध्या नळीने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने रेडिएटरचे पातळ पत्रे आडवे होतात आणि तेच पाणी चाकांच्या व हँडलच्या बेअरिंगमध्ये घुसतं. चेन एरवी 500 किमीला, पावसात 250-300 ला साफ करून ल्यूब. स्पोक असतील तर महिन्याला पान्याने एकेक वाजवून बघा. टणटणीत आवाजांत एक बोदा निघाला की तो सैल. क्लच-ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प इतकेच घट्ट करा की हाताने जोर दिल्यावर हँडलभोवती फिरतील. गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही.

साकवावरून पाणी जात असेल आणि रस्त्याच्या दोन्ही कडा दिसत नसतील तर थांबा. कुठल्याच सीसीची गाडी त्यात चालत नाही.

---

टॉर्क_रेंच

माझं मत: 390 एक्स किंवा एसएक्स. निर्णय डबलसीटवर सोडा. वहिनी महिन्यातून दोनदा नक्की येणार असतील आणि मोठी राइडही दोघांची असेल तर एक्स. मोठी राइड एकट्याची असेल तर एसएक्स, टाकी 12 लिटरची आहे तेवढं लक्षात ठेवा. एक्सपल्स कच्च्यावर या चौघींत सगळ्यात मजेची, पण तुमच्या कामाचं कच्चं वर्षाला शंभर किमीही भरणार नाही.

---

जांभा_सडा

आणि जी घ्याल ती पहिल्या आठवड्यात एकदा मुद्दाम आडवी करून उचला, गवतावर, मित्र जवळ असताना. डावीकडे पडली असेल तर पहिला गिअर, हँडल पूर्ण डावीकडे लॉक. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला ढुंगण टेकवा, एका हाताने जमिनीकडचं ग्रिप, दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल, आणि पाठ सरळ ठेवून छोटी पावलं मागे टाकत मांड्यांच्या जोराने उठा. उजवीकडे पडली असेल तर हँडल उजवीकडे, आणि आधी साइड स्टँड बाहेर काढून घ्या, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. सगळं सामान काढूनच. जमली नाही तर वजन झेपत नाही हे गवतावरच कळलेलं बरं.

---

चिंचवडचा_चाकरमानी

मोठी राइड दोघांचीच असते, म्हणजे एक्सकडे कल. शनिवारी टेस्ट राइड ठरवली. बायको येतेय, पाठीला बॅग लावून. तिची एकच अट: यू-टर्नच्या वेळी ती खाली उतरून बघणार.