मदत हवी आहे: देवाची इच्छा कोणती आणि माझी कोणती, कसं ओळखू?

सर्वांना जय ख्रिस्त. मी जालन्याजवळच्या एका खेड्यात राहते, नर्स आहे. पुण्याहून नोकरी आलीये, पगार जवळपास दुप्पट. पण सासूबाई थकल्यात आणि घर, मोसंबीची बाग सोडून यायला तयार नाहीत. रविवारपर्यंत कळवायचंय.

तीन आठवडे झाले, पहाटे उठून प्रार्थना करतेय. सासूबाईंच्या जुन्या बायबलात नीतिसूत्रे 3:5-6 खाली पेन्सिलची रेघ आहे. इतक्यांदा बोट फिरलंय की कागद तिथं मऊ पडलाय. आपल्याच बुद्धीवर विसंबू नको, असं तिथं आहे. मग विचार करायचाच नाही का? बायबलातल्या गिदोनानं देवाची इच्छा कळावी म्हणून रात्री लोकर बाहेर ठेवून, ती दवानं भिजते की कोरडी राहते, अशी दोनदा खूण मागितली (शास्ते 6). मला खूण मागायची भीती वाटते, मला हवं तेच मी त्यात बघेन. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, जिकडं शांती लाभेल तिकडं जा. पण शांती दोन्हीकडं थोडी थोडी वाटतेय.

तुमच्यापैकी कुणी असा निर्णय घेतलाय का? देवच वाट दाखवतोय, हे नेमकं कशावरून कळलं? नंतर चुकलं असं वाटलं असेल, तर तेही मोकळेपणानं सांगा. आणि सासूबाईंसाठी प्रार्थना करा, त्यांचे गुडघे फार दुखतात.