पोस्टबॅकनंतर टेक्स्टबॉक्समध्ये जुनीच माहिती परत येते

प्रश्न:
नमस्कार. एका पतसंस्थेसाठी एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टचे वेब पाने बनवण्याचे तंत्र) सभासदांची माहिती दुरुस्त करण्याचे पान मी लिहिले आहे. पेज_लोडमध्ये (पान तयार होताना दर वेळी चालणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेसमधून नोंद वाचून पत्ता, शाखा आणि जन्मतारीख ही खाती (म्हणजे फॉर्ममधील रकाने) भरली जातात. पत्त्यातील ‘शुक्रवार पेठ’ खोडून ‘कोथरूड’ लिहिले आणि ‘जतन करा’ बटण दाबून पोस्टबॅक केले (म्हणजे पान सर्व्हरकडे परत पाठवले), की ‘माहिती जतन झाली’ असा संदेश येतो. पण पत्ता शुक्रवार पेठेतलाच राहतो. बटणाच्या क्लिक इव्हेंटमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड मध्येच थांबवणारी खूण, लावून पाहिले, तर तिथेही टेक्स्टबॉक्समध्ये जुनाच मजकूर दिसतो. खालचा ‘शेरा’ हा टेक्स्टबॉक्स मात्र नीट जतन होतो. व्ह्यूस्टेट (पानाची स्थिती एका पोस्टबॅकपासून पुढच्यापर्यंत जपणारी सोय) चालू आहे. चूक कुठे असावी?

पहिले उत्तर:
आपल्या प्रश्नातच उत्तर दडले आहे. शेऱ्याचे खाते आपण डेटाबेसमधून भरत नाही, म्हणून ते बचावले. बटण दाबल्यावर पान पुन्हा पहिल्यापासून तयार होते: आधी इनिट (सुरुवातीचा टप्पा), मग व्ह्यूस्टेट उलगडणे, मग ब्राउझरने पाठवलेली मूल्ये कंट्रोलमध्ये (टेक्स्टबॉक्ससारख्या घटकांत) भरणे, त्यानंतर पेज_लोड आणि मग क्लिक इव्हेंट. म्हणजे ‘कोथरूड’ टेक्स्टबॉक्समध्ये पोहोचलेले असते, पण आपले पेज_लोड त्यावर पुन्हा ‘शुक्रवार पेठ’ लिहिते आणि क्लिक इव्हेंट तेच डेटाबेसमध्ये जतन करतो. नोंद भरणारा कोड इझपोस्टबॅक (पान पोस्टबॅकने आले आहे का, हे सांगणारा गुणधर्म) असत्य असेल तेव्हाच चालेल, अशी अट घाला.

दुसरे उत्तर:
व्ह्यूस्टेट बंद करून पाहा, जुनी मूल्ये तिथूनच येत असतील.

पहिल्या उत्तरकर्त्याचा खुलासा:
तसे करू नये. टेक्स्टबॉक्समधील टाइप केलेला मजकूर व्ह्यूस्टेटमधून नव्हे, तर फॉर्मसोबत आलेल्या मूल्यांतून भरला जातो. व्ह्यूस्टेट बंद केले आणि वरील अटही घातली, तर शाखेच्या ड्रॉपडाउनमधील यादीच पोस्टबॅकनंतर रिकामी होईल आणि मूळ दोष कोणता होता हेही कळेनासे होईल.

प्रश्नकर्ता:
अट घातल्यावर पत्ता आणि शाखा बरोबर जतन झाली, आभारी आहे. जन्मतारीख मात्र कॅलेंडरमधून निवडूनही जुनीच राहते. त्या टेक्स्टबॉक्सला रीडओन्ली ट्रू (म्हणजे फक्त वाचता येईल असे) दिले आहे. शिवाय ‘वारस जोडा’ बटणाने मी कोडमधून तयार केलेल्या ओळी पुढच्या पोस्टबॅकला गायब होतात.

तिसरे उत्तर:
ही दोन दुखणी वेगळी आहेत. सर्व्हरवर रीडओन्ली ट्रू असलेल्या टेक्स्टबॉक्ससाठी ब्राउझर मूल्य पाठवतो, परंतु डॉट नेट 2.0 पासून एएसपी डॉट नेट ते स्वीकारतच नाही, त्यामुळे जावास्क्रिप्टने भरलेली तारीख वाया जाते. तो गुणधर्म काढा आणि त्याऐवजी अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये (ब्राउझरकडे जाणाऱ्या एचटीएमएल गुणधर्मांत) कोडमधून ‘रीडओन्ली’ जोडा. खाते वापरकर्त्याला कुलूपबंदच दिसेल, पण मूल्य सर्व्हरला मिळेल. अर्थात तारीख वैध आहे का, हे सर्व्हरवरही तपासावे लागेल, कारण ब्राउझरमधील कुलूप कोणीही उघडू शकतो. टेक्स्टबॉक्स डिसेबल करणे हा पर्याय नाही, कारण तशा खात्याचे मूल्य ब्राउझर पाठवतच नाही.

वारसांच्या ओळींचे म्हणाल, तर कोडमधून जोडलेले कंट्रोल सर्व्हर लक्षात ठेवत नाही. ते दर पोस्टबॅकला आपणच पुन्हा तयार करायचे असतात आणि त्यांचा आयडी दर वेळी तोच असावा लागतो. ओळींची संख्या व्ह्यूस्टेटमध्ये ठेवली असेल, तर ती इनिटमध्ये वाचता येत नाही, म्हणून ओळी पेज_लोडच्या सुरुवातीला तयार करा, आणि या वेळी इझपोस्टबॅकच्या अटीबाहेर. लोडनंतर पाठवलेली मूल्ये भरण्याची दुसरी फेरी होते, त्यामुळे हे चालते. मात्र त्या ओळींमधील मूल्ये लोडमध्ये न वाचता क्लिक इव्हेंटमध्ये वाचावीत.

प्रश्नकर्ता:
तारीख जुळली. ओळी आता परत दिसत होत्या, पण रिकाम्या. शोधले तेव्हा कळले, की आयडी एकमेव राहावा म्हणून मी त्यात सेकंद जोडत होतो, त्यामुळे प्रत्येक पोस्टबॅकला आयडी नवाच होत असे. ते काढून ‘वारस1’, ‘वारस2’ असे आयडी दिल्यावर तिन्ही वारसांची नावे टिकली.